पट्ट्या काढू द्या, पण सक्ती करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका पालकाची तक्रार छापून आली होती. त्यांचा मुलगा चौथीत आहे. शाब्दिक उदाहरणं सोडवायला शाळेत त्याला लांबट चौकोनी पट्ट्या काढायला लावतात, अर्धी वही पट्ट्यांनीच भरली, चाचणीत वेळ पुरत नाही, आणि हे सगळं परदेशातून उचललेलं फॅड आहे, असं त्यांचं म्हणणं. पत्र तावातावाने लिहिलेलं होतं. त्यातला एक मुद्दा मला पटला, तो पुढे येईलच. बाकीच्यांवर मात्र लिहिल्याशिवाय राहवेना.

मी शिक्षक नाही. नोकरी सगळी पटवारकीत गेली, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत सातबारे, फेरफार आणि पंचनामे लिहिण्यात. निवृत्तीनंतर संध्याकाळी घराच्या छपरीत गल्लीतली पोरं दप्तर घेऊन बसतात, त्यांत माझी चौथीतली नातही असते. शिकवणी म्हणावी असं त्यात काही नाही. फी नाही, फळा नाही, लाइन गेली की पोरं अंगणात पळतात. पण शाब्दिक उदाहरणात ती नेमकी कुठे ठेचकाळतात हे तिथे रोज बघायला मिळतं.

पाढे पाठ असतात. हातच्याची बेरीज, वजाबाकी बरोबर येते. तेच आकडे तीन-चार ओळींच्या मजकुरात घालून दिले की पोरगं मजकूर वाचत नाही, नुसतं हुंगतं. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. ही यादी त्यांना कुणीतरी शिकवलेली असते. तालुक्याच्या गावी एका शिकवणी वर्गात तर ती भिंतीवर रंगीत अक्षरांत लावलेली मी पाहिली आहे. यादीवर चालणाऱ्या पोराचं काय होतं ते बघा. मी छपरीत हे उदाहरण दिलं:

"शेवंताबाईंनी दिवसभरात ४२ किलो कापूस वेचला. हा कापूस कमलाबाईंच्या कापसापेक्षा ७ किलोने जास्त आहे. तर कमलाबाईंनी किती किलो वेचला?"

बहुतेक पोरांनी ४९ सांगितलं. 'जास्त' शब्द दिसला, अधिकचं चिन्ह पडलं. बेरीज म्हणाल तर एकाचीही चुकली नव्हती. मी चूक-बरोबर काही न बोलता एवढंच म्हटलं की दोघींच्या नावासमोर एकेक पट्टी काढा. नातीने शेवंताबाईंची पट्टी काढली, पेन्सिल खालच्या ओळीवर नेली आणि थांबली. "आबाजी, कमलाबाईची लांब काढू का बुटकी?" मी म्हटलं, "मले काय विचारतं? वाच." तिने पुन्हा वाचलं, या वेळी शब्दाशब्दावर बोट ठेवून. 'हा कापूस' म्हणजे कोणाचा यावर दोघा-तिघांत वाद झाला. मग तिने कमलाबाईंची पट्टी आखूड काढली, पुढे उरलेल्या जागेत तुटक रेघ मारून ७ लिहिलं, आणि वर लिहिलेलं ४९ स्वतःच खोडरबराने पुसलं.

पेन्सिल जिथे थांबली तिथेच सगळं काम झालं. नुसती बेरीज मांडायला काही ठरवावं लागत नाही, दोन आकडे मिळाले की पुरे. पट्टी काढायची तर आधी ठरवावं लागतं की मोठं कोण, लहान कोण, सगळं मिळून कोण आणि त्याचा भाग कोण, फरक कुठे बसतो, आणि विचारलंय ते या चित्रात नेमकं कुठे आहे. एवढं कागदावर उतरलं की चिन्ह कोणतं घालायचं हे पोराला सांगावं लागत नाही.

हा रोग आपल्याच पोरांना आहे असं समजू नका. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या संस्थेने दुसरी-तिसरीच्या मुलांना विचारलं होतं, एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी मोडतोड करून वय सांगून टाकलं. मी जहाजाऐवजी कळप आणि कप्तानाऐवजी गुराखी घालून हाच प्रश्न छपरीत टाकला. छत्तीस, छत्तीस, छत्तीस असा गजर झाला. एक पोरगा तेवढा गप्प होता. मला वाटलं याच्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणतो, "गुनाकार कराचा का बेरीज, थे सांगा ना जी पह्यले."

ही पोरं हिशेबाला कच्ची आहेत म्हणावं तर तसंही नाही. हाच पोरगा आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या दुकानावर बसतो. पाऊण किलो वांगी, दोन जुड्या सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि हातात शंभराची नोट, असं गिऱ्हाईक समोर आलं तर उरलेले पैसे त्याने मोजून दिलेले असतात, आपण अजून मनात आकडे जुळवत असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तिथले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती, पण शाळेच्या धाटणीने मांडलेल्या साध्या गणितांत अडत होती. शाळेत जाणाऱ्या आणि बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं. बाजारात पोराला माल डोळ्यासमोर असतो, कोण कोणाला काय देतंय हे दिसत असतं. पुस्तकातल्या उदाहरणात ते काहीच दिसत नाही. पट्टी काढली की निदान कमी-जास्त तरी नजरेला पडतं.

आता परदेशी फॅडबद्दल. पट्ट्यांची ही रीत शालेय पुस्तकांत पद्धतशीर आणली ती सिंगापूरने, १९८० च्या दशकात. तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या प्राथमिक गणिताच्या प्रकल्पात खो टेक होंग यांच्या नेतृत्वाखाली हे काम झालं. तक्रार तिथेही हीच होती की पोरांना आकडेमोड येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की ती गडबडतात. पुढे १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूर गणितात पहिलं आलं आणि जगभरातून त्यांच्या पुस्तकांची विचारपूस सुरू झाली. आधी वस्तू हातात, मग तिचं चित्र, मग आकडे आणि चिन्हं, हा क्रम त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या मांडणीवरून घेतला. पट्टी ही त्यातली मधली पायरी. आता सिंगापूर केवळ पट्ट्यांमुळे पहिलं आलं असं कुणी सांगू लागलं तर मात्र त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पुस्तकं, शिक्षकांची तयारी, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. चार चौकोन काढून देश पहिला येत असता तर आणखी काय हवं होतं.

पण म्हणून पट्टी आपल्याला परकी आहे असं नाही. पत्रलेखक बहुधा शेतकरी आहेत. त्यांनी घरातले आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद काढून बघावेत. सामाईक खात्यात कोणाचा किती हिस्सा हे आणेवारीत लिहिलेलं सापडेल. पूर्ण वावर म्हणजे एक रुपया. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पै बारा. चार भाऊ असले की प्रत्येकी चार आणे. तीन असले की पाच आणे चार पै. आमच्या भागात शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांना एक तृतीयांश विचारलं तर ते तोंडाकडे बघत. 'पाच आणे चार पै' म्हटलं की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून हात लांब करत आणि इथून त्या निंबापर्यंत असं दाखवत. वावर हीच त्यांची पट्टी, आणि तिचे भाग पाडायला त्यांना कागद लागत नव्हता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणे हळूहळू व्यवहारातून गेले, हिशेबाची ही तऱ्हा काही गेली नाही. आजही पिकाची पैसेवारी निघते, म्हणजे पूर्ण पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे आलं ते ठरतं. आमच्याकडे ३१ डिसेंबरला अंतिम पैसेवारी जाहीर होते तेव्हा पारावर विचारणा एकच असते, पन्नास पैशांच्या आत की वर? रुपयाची पट्टी, मधोमध रेघ, आणि आपलं गाव रेघेच्या कोणत्या अंगाला. सरकारी मदतीचं गणित ज्या गावाला असं तोंडपाठ आहे, त्या गावाला पट्टी परकी कशी?

आणखी मागे जायचं तर भास्कराचार्यांपर्यंत जाता येईल. ११५० सालच्या लीलावतीत भुंग्यांचं एक उदाहरण आहे. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या वासाने मधेच घुटमळत राहिला, तर भुंगे किती? सोयीची एक संख्या धरून हिशेब करत न्यायचा आणि शेवटी मेळ घालायचा, ही रीत भास्कराचार्यांनी सांगितलेलीच आहे. आम्ही पट्टीची घरं पाडली. पाचवा आणि तिसरा दोन्ही भाग अख्ख्या घरांत बसायचे तर घरं पंधरा हवीत, एवढं मला सुचवावं लागलं. पुढचं पोरांनी केलं. तीन घरं कदंबाला, पाच शिलींध्राला, फरक दोन घरांचा म्हणून सहा घरं कुटजाला. चौदा घरं रंगली, एक कोरं राहिलं, आणि भुंगाही एकच राहिला होता. म्हणजे घरामागे एक भुंगा, भुंगे पंधरा.

अपूर्णांकांत तर पट्टी फार कामाची. पाचवीतल्या एका पोराने पुढचं उदाहरण आणलं होतं, आकडे जरा बदलून देतो. घरात आलेल्या तुरीच्या पोत्यांपैकी दोन पंचमांश बाजार समितीत विकली, उरलेल्यापैकी एक तृतीयांश डाळ करायला मिलमध्ये टाकली, घरात १२ पोती राहिली, तर तूर किती पोती झाली होती? इथली हमखास चूक म्हणजे एक तृतीयांश सगळ्या तुरीचा काढणं. 'उरलेल्यापैकी' हा शब्द पोरं वाचतात, पण तो पकडून ठेवत नाहीत. क्ष धरून करायचं तर क्ष-चा पाचवा भाग, त्याची दुप्पट, ती वजा, मग बाकीचा तिसरा भाग, असा गुंता होतो, आणि क्ष तर पोरांना अजून शिकवलेलाच नसतो. पट्टीवर हे असं होतं. पाच भाग पाडा, विकलेले दोन खोडा. समोर तीन भाग शिल्लक दिसताहेत, तेव्हा उरलेल्यापैकी एक तृतीयांश म्हणजे त्यांतला एक. तोही खोडा. दोन भाग राहिले, त्यांत १२ पोती. एका भागात ६, पाच भागांत ३०. चुकीच्या जागी तृतीयांश काढायला पट्टीवर जागाच नाही, कारण जे विकलं ते आधीच खोडलेलं आहे. पोरगं म्हणालं, "हे तं निस्तं मोजनं झालं." मी म्हटलं, तेच तर करायचं होतं.

ज्यांना पट्टीही कळत नाही त्यांच्या हातात आधी काहीतरी द्यावं, आणि आमच्याकडे त्याला खर्च नाही. तूर झोडून झाली की तुराट्यांचा ढीग पडलेलाच असतो. त्यावर केलेलं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मोठी माणसंही चुकतात.

दोन बायांनी मिळून ६० किलो कापूस वेचला. पहिलीने आपल्या ओटीतला ६ किलो काढून दुसरीच्या गाठोड्यात टाकला, तेव्हा दोघींचा कापूस सारखा झाला. तर आधी कोणाकडे किती होता?

छपरीत सगळ्यांचं उत्तर एकच आलं, ३३ आणि २७. सहा दिले म्हणजे फरक सहाचा, असा त्यांचा हिशेब. मी एका पोराच्या हातात एक लांब आणि एक आखूड तुराटी दिली आणि म्हटलं, लांबीतला तुकडा मोडून आखुडीला जोड, दोन्ही सारख्या झाल्या पाहिजेत. त्याने दोन्ही शेजारी ठेवल्या, लांब तुराटी आखूडपेक्षा जेवढी पुढे आलेली होती तेवढी सगळी कडकन मोडली आणि आखुडीच्या टोकाला लावली. आखूड होती तीच आता लांब झाली. पोरं हसली. त्याने दुसरी तुराटी घेतली, या वेळी पुढे आलेल्या भागाच्या निम्मा तुकडा मोडला, जोडला, आणि दोन्ही बरोबर आल्या. मग मी तो तुकडा उचलून परत पहिल्या काडीला लावायला सांगितला आणि विचारलं, आता पहिली काडी दुसरीपेक्षा किती तुकड्यांनी लांब? दोन. एक तुकडा सहा किलोचा, म्हणजे फरक बाराचा. पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. साठातून बारा काढले, अठ्ठेचाळीस, त्याचे निम्मे चोवीस. दुसरीचा २४ किलो, पहिलीचा ३६. त्यानंतर वहीत पट्ट्या काढल्या त्या याच दोन काड्यांच्या, आणि कुठून किती तुटलं ते त्यात बाणाने दाखवलं.

वयाच्या उदाहरणांनाही ही रीत अशीच लागू पडते. आई ३० वर्षांची, मुलगी ६ वर्षांची, आईचं वय मुलीच्या तिप्पट कधी होईल? दोघींची वयं वाढत राहतात, फरक २४ चा २४ राहतो. तिप्पट व्हायचं तर मुलीचा एक भाग, आईचे तीन, फरक दोन भागांचा, आणि तो २४. एक भाग १२. म्हणजे सहा वर्षांनी.

आता पत्रलेखकांचा मला पटलेला मुद्दा. त्यांच्या मुलाची पट्टी पट्टीनेच, म्हणजे मोजपट्टीने, आखली नव्हती म्हणून शाळेत अर्धा गुण कापला. ७ ची पट्टी ४२ च्या पट्टीच्या प्रमाणात नाही असा शेराही होता म्हणे. हे चूक आहे, आणि पालक चिडले ते रास्त. पंचनाम्याला जोडायचा कच्चा नकाशा आम्ही नोकरीत हातानेच काढत असू, त्यात विहीर चार बोटं इकडे-तिकडे झाली तर कुणी हरकत घेत नसे, पूर्वेची विहीर पश्चिमेला गेली तर मात्र पंचनामा कोर्टात टिकत नसे. पट्टीचंही तेवढंच बघावं. मोठं ते मोठं दिसतंय का, समान भाग साधारण समान आहेत का, फरक योग्य टोकाला आहे का. बाकी रेघ वाकडी असो की अंगठ्याच्या डागाची.

सक्तीचे आणखीही प्रकार मी बघतो. सात आंबे होते, पाच खाल्ले, किती उरले, याला पट्टी काढायला लावणं म्हणजे पोराचा अपमान. छापील पट्ट्या देऊन त्यांत नुसते आकडे भरायला लावणं तर त्याहून वाईट, कारण विचार करायची जागा छापणाऱ्यानेच खाल्लेली असते, पोराला उरतं ते भरणं. काही उदाहरणांना पट्टी शोभतही नाही. वावराचं क्षेत्रफळ काढायचं आहे तर वावराचंच चित्र काढावं, गाडीच्या वेळेचं आहे तर घड्याळ किंवा रेघ. सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी देणारा डॉक्टर गावाला माहीत असतो, त्याचं पुढे काय होतं तेही माहीत असतं.

याच्या उलटा प्रकारही आहे. आमच्या गल्लीतला एक पोरगा तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये जातो. त्याने चाचणीत पट्टी काढून उत्तर काढलं, उत्तर बरोबर, तरी चारातले दोनच गुण मिळाले. वर लाल शाईत 'रीत लिहा'. म्हणजे एका शाळेत पट्टी मोजपट्टीने आखली नाही म्हणून गुण जातो आणि दुसऱ्या शाळेत ती काढली म्हणून. पोराला उदाहरण कळलं होतं का, हे दोन्हीकडे कुणी बघितलं नाही.

म्हणून शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना माझी विनंती एवढीच आहे की घटक चाचणी, सहामाही, वार्षिक यांत बरोबर काढलेली पट्टी ही रीत म्हणून धरावी. पट्टी बरोबर आणि शेवटची वजाबाकी चुकली तर त्याचे गुण मिळावेत, जसे मांडणी बरोबर असली की मिळतात. आणि ज्याला पट्टीशिवाय जमतं त्याला ती काढायला लावू नये. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं असं त्याचं उद्दिष्ट आहे. वाचनाचा रकाना वेगळा, गणिताचा वेगळा. शाब्दिक उदाहरण या दोन रकान्यांच्या मधोमध पडतं, आणि जे मधे पडतं त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, हा सरकारी कागदांचा मला नोकरीभर आलेला अनुभव आहे.

वेळ पुरत नाही या तक्रारीबद्दल थोडक्यात. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात, त्यांत अंकगणिताचे २०. तिथे सजवलेल्या पट्ट्या काढत बसलं तर वेळ जाणारच. पण हात बसला की पट्टी आपोआप आकसते. माझी मोठी नात आता कच्च्या पानाच्या कोपऱ्यात दोन रेघा मारते, एक लांब, एक आखूड, त्यांवर एक आकडा, एक प्रश्नचिन्ह, आणि पुढे जाते. काही उदाहरणांत तेही नाही. वेळ खरा जातो तो ४९ लिहून, पर्यायांत ४९ सापडल्यावर खूश होऊन पुढे जाण्यात, आणि तसे पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेले असतात.

पालकांना आणखी एक सांगतो, यात शाळेचा काही संबंध नाही. पोरगं वही घेऊन आलं आणि "अधिक का वजा?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. उदाहरणातल्या आकड्यांवर अंगठे ठेवून झाका आणि आकड्यांशिवाय वाचायला सांगा. शेवंताबाईंचा कापूस कमलाबाईंच्या कापसापेक्षा जास्त आहे, एवढंच उरतं. कोण जास्त, ते त्याला तोंडाने सांगू द्या. मग अंगठे काढा.

आणि त्या पत्रलेखक पालकांसाठी हे एक उदाहरण. क्ष धरायचा नाही, आणि गाईड उघडायचं नाही. दोन शेजाऱ्यांच्या घरी सोयाबीनची पोती आहेत. पहिल्याकडे दुसऱ्याच्या तिप्पट. पहिल्याने २६ पोती विकली, दुसऱ्याने २ विकली, आणि दोघांकडे सारखी पोती राहिली. आधी कोणाकडे किती होती? मुलाला शेजारी बसवून करा. त्याचं तुमच्याआधी झालं तर त्याची वही बघायला हरकत नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त पटवारी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(कृपया नाव छापू नये. नात इथल्याच शाळेत आहे.)